कंबर कामगाराची, कढई कुणाची?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मध्यंतरी आरोग्य शिबिर झालं. वजन, रक्तदाब, साखर आणि शिंप्याकडे असते तसल्या टेपने कंबरेचं माप. इथवर कुणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी टाइम ऑफिससमोरच्या बोर्डावर यादी लागली. ज्यांची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या वर भरली त्यांची नावं, टोकन नंबरसकट. खाली सूचना: या सर्वांनी शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर आहारतज्ज्ञांच्या व्याख्यानाला थांबायचं आहे. पाळी सुटायच्या आत त्या यादीचा फोटो सिडकोपासून सिन्नरपर्यंत फिरला आणि भांडण पेटलं. एक बाजू म्हणते, आठ तास विकत घेतले म्हणजे पोटही विकत घेतलं का? दुसरी म्हणते, फुकट सल्ला मिळतोय तर घ्यायला काय जातं. वडे हाणायचे आणि मग मेडिक्लेमचा हप्ता वाढला म्हणून ओरडायचं. २०२५ च्या जुलैत हाच खेळ देशभर झाला होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कामाच्या ठिकाणी तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायला सुचवलं, आणि बातमी पसरली की समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार. असा कुठल्या एका पदार्थावर इशारा नाही, हे सरकारला खुलासा करून सांगावं लागलं. आमच्या नाशकात तो वाद अर्थातच मिसळीवर येऊन थांबला, आणि रामशेजचा किल्ला लढवावा तशी लोकांनी दोन दिवस मिसळ लढवली. त्या गदारोळात कामगाराच्या पोटाचा मूळ प्रश्न राहिला बाजूलाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोट सुटलेल्या कामगाराला आहाराचा सल्ला मिळायला हवा आणि तो मागण्यात त्याला लाज वाटायचं कारण नाही. हातमोजे, बूट, चष्मा मागतो तसा तो मागावा. पण हा सल्ला कामाच्या तासांत, पुन्हा पुन्हा, एकेकट्याशी बोलून दिलेला असावा आणि त्याची सुरुवात कामगाराच्या डब्याइतकीच कॅन्टीनच्या कढईपासून व्हावी. यादी लावून, सुट्टीच्या तोंडावर, एकदाच दिलेलं व्याख्यान म्हणजे मेमोच, फक्त त्यावर सफरचंदाचं चित्र असतं. मी स्वतः सहा वर्षं एका कारखान्याच्या कॅन्टीन कमिटीवर होतो; त्यामुळे हे मत थोडं भाजलेल्या हातांनी लिहितोय.

दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात, की ढेरी म्हणजे खादाडपणाची पावती. कारखान्याच्या शॉपवर, कामगारांच्या कपडे बदलायच्या खोलीत उभं राहून पाहा. हातपाय काडीसारखे, गालफडं बसलेली आणि शर्टाचं तिसरं बटण मात्र ताणलेलं, अशी माणसं ढिगाने दिसतील. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते टेपला दिसतं, म्हणून तर आपल्याकडे पुरुषांसाठी नव्वद आणि बायकांसाठी ऐंशी सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. युरोपातल्या पुरुषाला चौऱ्याण्णवपर्यंत सूट आहे. पोटातल्या आतड्यांभोवती साठणारी ही चरबी थेट यकृताच्या दारात बसलेली असते, त्यामुळे साखर आणि हृदयविकाराचा रस्ता तिथूनच निघतो. याज्ञिकांच्याच गटाने पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत बाळंतपणं अभ्यासली, तेव्हा दिसलं की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांचं जे कमी होतं ते स्नायू आणि अवयव, चरबी त्या मानाने राखलेली. त्यांची मांडणी अशी, की आईच्या पोटात उपासमार सोसलेलं शरीर पुढे आयुष्यभर साठवणुकीच्याच बेतात राहतं.

आता हिशेब करा. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेला माणूस आज त्रेपन्न-चौपन्नचा आहे, म्हणजे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा ऑपरेटर. त्याची आई पोटुशी असताना रोजगार हमीसारख्या कामावर खडी फोडत होती आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, नाहीतर सुकडी खात होती. बाप पेठ-सुरगाण्याकडचा असो की सटाण्याकडचा, दिवसभर औतामागे चालायचा आणि चार भाकऱ्या पचवायचा. मुलगा आज सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या यंत्रासमोर उभा राहतो, जॉब लावतो, बटण दाबतो, यंत्राची फेरी संपायची वाट बघतो. भूक बापाची आणि काम बटणाचं. यात खादाड कोण? बोर्डावरच्या यादीत मात्र तो गुन्हेगारासारखा टांगला जातो.

आता सल्ल्याच्या विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा. ते म्हणतात, प्रश्न पाळ्यांचा आहे, ओव्हरटाइमचा आहे, अपुऱ्या पगाराचा आहे. ज्याला महिन्यातून दहा दिवस रात्रपाळी आणि वर चार तास ओव्हरटाइम, त्याला 'वेळेवर जेवा' सांगणं ही थट्टा आहे. बरोबर आहे. रात्री दोन वाजता तोच भात खाल्ला तर शरीर तो दुपारसारखा हाताळत नाही, साखर जास्त वेळ चढलेली राहते. हे कामगाराच्या मनोनिग्रहाने बदलत नाही. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तीही कुणी मेहेरबानीने दिलेली नाही. कामगार चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी होती. त्या अर्ध्या तासाचं आज काय होतं ते मी घड्याळ लावून बघितलं आहे. शॉपपासून कॅन्टीनपर्यंत चार मिनिटं, हाताचं ग्रीस काढायला तीन, रांगेत अकरा, परतीला चार. उरलेल्या आठ मिनिटांत माणूस जेवत नाही, भरतो. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात.

एवढं सगळं मान्य करूनही मी म्हणतो की या मुद्द्यातून 'म्हणून सल्ला नको' असं निघत नाही. पगार वाढला की कंबर उतरते का? आमच्या कारखान्यात तरी उलटंच होतं. कंत्राटी पोरं सडपातळ, आणि करार होऊन पगार चांगला झाला की दोन वर्षांत परमनंट माणसाची पँट अल्टरला जायची. देशाच्या पातळीवरही जाडी गावापेक्षा शहरात जास्त आढळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत मधुमेह ११.४ टक्के लोकांना आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांना आढळला. हे सगळे काही उपाशी नाहीत आणि सगळे आळशीही नाहीत. पाळ्या सुधारायला हव्यात, त्यासाठी युनियनने भांडावं. पण पाळ्या सुधारेपर्यंत चाळिशीतल्या माणसाने थांबावं असं त्याच्या यकृताला कसं सांगणार? आणि चांगला सल्लागार पाळीलाच तर हात घालतो. रात्रपाळीचं मुख्य जेवण कामावर जायच्या आधी घ्या, दोन वाजता हलकं काहीतरी, सकाळी झोपायच्या आधी तिखट-तेलकट नको. हे सांगायला पाळी बदलावी लागत नाही, पाळी माहीत असावी लागते.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा, आणि इथे मी विरोधकांच्या शेजारी उभा आहे. कंबरेचं माप हे डॉक्टर आणि माणूस यांच्यातलं आहे. एचआरचं त्यात काही काम नाही. कंत्राटी कामगाराच्या मनात भीती असते की मेडिकलच्या नावाखाली आपल्याला गेटबाहेर काढतील, आणि ती भीती हवेतून आलेली नाही. त्यामुळे शिबिराआधी लेखी ठरावं: आकडे कारखान्याच्या दवाखान्यातच राहतील, कन्फर्मेशनशी, बोनसशी, बदलीशी त्यांचा संबंध नसेल. ज्याला मोजून घ्यायचं नाही त्याने घेऊ नये. जिथे हे होणार नसेल तिथे टेप काढूच नये.

तिसरा मुद्दा निराशेचा. 'सवयी बदलत नाहीत हो, माणूस मेला तरी चव सोडत नाही.' हे वाक्य आमच्या कमिटीत मॅनेजमेंटनेही ऐकवलं आहे आणि युनियनच्या जुन्या मंडळींनीही. त्यांचं एकमत झालेला तो बहुधा एकमेव विषय. हे बोलताना दोघांच्याही हातात चहा होता. चहा! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या कुठल्या कामगाराच्या घरात चहा होता? १९०३ मध्ये चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखान्यांत, कोळशाच्या खाणींत, कापडगिरण्यांत चहाचे स्टॉल लावले गेले, मालकांना पटवून चहाची सुट्टी द्यायला लावली गेली. शिष्ट लोक चहाला व्यसन म्हणत होते, गांधीजी विरोधात लिहीत होते, तरी एका-दोन पिढ्यांत अख्खा देश कपबशीला लागला. कामगाराची खाण्यापिण्याची सवय बदलण्याची मोहीम या देशात एकदा झाली आहे आणि दणदणीत यशस्वी झाली आहे. फक्त ती चहामळ्यांच्या मालकांनी त्यांच्या फायद्यासाठी केली. त्यांनी नुसते फलक लावले नाहीत. चहा कसा करायचा ते दाखवलं, तो कामाच्या जागी आणून ठेवला, प्यायला वेळ मिळवून दिला आणि वर्षानुवर्षं पिच्छा सोडला नाही. कुणी म्हणेल, देणं सोपं असतं, काढून घेणं अवघड. खरंय ते. म्हणून सल्ल्यात 'बंद करा'पेक्षा 'हे घ्या' जास्त असावं लागतं.

पिच्छा न सोडण्याला पुरावाही आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या काठावर असलेल्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नेहमीच्या पद्धतीने सोडून दिलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाचा सल्ला सतत मिळणाऱ्या गटात ३९.३ टक्के. गंमत अशी की वजन फारसं उतरलंच नव्हतं. म्हणजे 'चार महिने सल्ला घेतला, काटा हलला नाही, सगळं फुकट' हा निष्कर्ष घाईचा. याच गटाचा २०१३ चा अभ्यास तर आपल्या वादाला थेट लागू पडतो. ५३७ नोकरदार पुरुष घेतले. सगळ्यांना सुरुवातीला एकदा सल्ला दिला. मग निम्म्यांना मोबाइलवर नियमित संदेश पाठवत राहिले, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी, एकदाच सल्ला मिळालेल्यांत २७ टक्क्यांना मधुमेह झाला होता, संदेश येत राहिलेल्यांत १८ टक्क्यांना. शनिवारचं एक व्याख्यान आणि पाठपुरावा यांतला फरक याहून स्वच्छ कसा दाखवणार?

आणि आता कढई. आम्ही कमिटीवर असताना एकदा स्टोअरचं रजिस्टर उघडून बसलो. दुपारच्या जेवणाला साधारण चारशे ताटं, आणि रोज पंधरा किलोचा तेलाचा एक डबा संपतोय. भागाकार करा: ताटामागे सदतीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटाला अख्ख्या दिवसाचं तेल-तूप आहे सत्तावीस ग्रॅम. माणसाने घरी कोरडी भाकरी खाल्ली तरी दुपारच्या एका ताटात तो दिवसाचा कोटा ओलांडून पुढे गेलेला. चहाचंही तेच. साखर पातेल्यातच पडायची. कमी साखरेचा चहा मागायची सोयच नव्हती. अशा ठिकाणी कामगाराला बोलावून 'तेल-साखर कमी करा' सांगणं म्हणजे बस वेगात पळवायची आणि प्रवाशांना सावकाश जायला सांगायचं. कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ ने २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद केली, तिच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी असावेत हेही त्यातच आहे. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने ही संख्या कंत्राटी धरून शंभरावर आणली. म्हणजे कढईत काय पडतं यावर कामगाराचा शब्द चालावा ही सोय कायद्याने केलेली आहे. आम्ही ती कमिटी आजवर वापरली कशासाठी, तर दिवाळीला कोणतं गोड आणि कूपनचा दर किती, एवढ्यासाठी.

मग सल्लागार हवाच कशाला, कॅन्टीन सुधारा की, असं कुणी म्हणेल. हाही प्रयोग आम्ही करून तोंडावर पडलो आहोत. रजिस्टर बघून जोशात आलेल्या कमिटीने एका बुधवारी न विचारता वडा बंद केला आणि मोडाच्या मुगाची उसळ ठेवली. सेकंड शिफ्टने ताटं पालथी घातली. 'मॅनेजमेंटने पैसे वाचवायला वडा खाल्ला,' अशी आवई उठली आणि आठवडाभरात वडा परत आला, आकाराने थोडा मोठाच होऊन. न बोलता केलेली सुधारणा कामगाराला कपातच वाटते, कारण एरवी त्याच्या वाट्याला आलेल्या बऱ्याच सुधारणा कपातीच निघालेल्या असतात.

वर्षभराने एक तरुण आहारतज्ज्ञ यायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनीही ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा छापील तक्ता वाटला. त्यातले बरेच तक्ते संध्याकाळी पार्किंगमध्ये उडताना दिसले. दुसऱ्या खेपेला मात्र त्या तक्ता न आणता वही घेऊन आल्या आणि नाईट करून आलेल्या एकाला विचारलं, ''काका, काल पाळीला निघाल्यापासून आत्तापर्यंत तोंडात काय काय गेलं, फक्त सांगा.'' त्याने सांगितलं. नऊला घरचं जेवण, एक वाजता कॅन्टीनचं, चार चहा, दोनदा बिस्किटं, आणि सकाळी सुटल्यावर त्र्यंबक रोडला मिसळ. नाईट सुटल्यावरची मिसळ म्हणजे आमच्याकडे ती पाळीची सहीच. त्यांनी मिसळ बंद करा म्हटलं नाही. विचारलं, पाव किती? तीन. तर्री मागून? हो. मटकी किती असते? ''तळाला असेल थोडी.'' सगळे हसले. मग ठरलं ते इतकंच: मटकी जादा मागायची, फरसाण निम्मं, पाव एक, तर्री नको, आणि आठवड्यातून दोनदाच. एक वाजताच्या ताटातला भात अर्धा करून डाळ दुप्पट. त्या बाई दर पंधरा दिवसांनी यायच्या, पाळीच्या वेळेत, वीस-वीस मिनिटं, आणि मागचं विचारायच्या. सुरगाण्याच्या एका पोराला त्यांनी नुसतं म्हटलं, ''तुमच्याकडे नागली, म्हणजे नाचणी, होते ना? मग ती इथे का नाही आणत?'' तो म्हणाला, डब्यात काळी भाकरी दिसली की पोरं 'गावठी' म्हणतात. त्यावर त्या पुढच्या वेळी स्वतःच्या डब्यात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी घेऊन आल्या आणि आमच्यात बसून जेवल्या.

सगळ्यांच्या कंबरा उतरल्या असं मी म्हणणार नाही. काहींच्या दोन-चार सेंटिमीटर उतरल्या, काहींच्या परत चढल्या, एकाने तर वैतागून येणंच सोडलं. पण बुधवारी उसळ परत आली तेव्हा ताट पालथं घालायला कुणी उठलं नाही. मागणी त्यांच्याकडूनच आली होती. दुसरी किटलीही आली, बिनसाखरेची.

या सगळ्या वादात, माझ्या या लेखातही आत्तापर्यंत, कामगार म्हटला की मिशीवाला बाप्याच डोळ्यांपुढे येतो. हे चुकतंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पहिल्यांदाच कंबर मोजली गेली, आणि त्या मापांच्या विश्लेषणात पोटाचा लठ्ठपणा पुरुषांत १२ टक्के तर स्त्रियांत ४० टक्के निघाला. अंबड-सातपूरमध्ये असेंब्लीवर, पॅकिंगवर, वायरिंगवर हजारो बाया आहेत. त्या पहाटे साडेचारला उठून तीन डबे भरतात आणि स्वतःच्या डब्यात उरलेलं टाकतात: रात्रीचा फोडणीचा भात, पोळीचा चुरा. बोर्डावर यादी लावली तेव्हा नव्वदच्या रेघेने बघितलं. बायकांची रेघ ऐंशीची, ती कुणाला आठवलीच नाही. आणि पुरुषांना सल्ला द्यायचा म्हणजे 'घरी बायकोला सांगा तेल कमी घालायला' असं सांगून मोकळं व्हायचं, ही तर आणखी सोयीची पळवाट. तिला पहाटे चारलाच उठायला लावणारा सल्ला मला मान्य नाही. ज्याची कंबर, त्याने कधी पीठ मळून पाहावं.

त्या यादीवाल्या कारखान्यातल्या युनियनने मध्यंतरी मला बोलावलं होतं. त्यांचा करार तोंडावर आहे. मी म्हटलं, 'आहारतज्ज्ञ नको' ही मागणी खोडा; त्याऐवजी दर पंधरवड्याला पाळीच्या वेळेत आहारतज्ज्ञ, जेवणाची सुट्टी पाऊण तास आणि तेलाच्या डब्यांचं रजिस्टर दर महिन्याला कॅन्टीनच्या भिंतीवर, असं लिहा. बोर्डावर काही लावायचंच असेल तर ते लावा. कॅन्टीनचा ठेकेदार बाजूला उभा राहून ऐकत होता. म्हणाला, ''भाऊ, महिन्याला नऊ-दहा डबे कमी लागले, तर ते पैसे कुणाचे? माझे, कंपनीचे, का तुमचे?'' याचं उत्तर कुणाकडे तयार नव्हतं. बराच वेळ घासाघीस झाली. मग मसुद्यात एक ओळ वाढली: वाचलेल्या तेलाच्या पैशाची डाळ आणि ताक. मॅनेजमेंटची सही अजून व्हायची आहे.